मंगळम होईतो उठायचं नाही

आमच्या घरात माणसं तीन होती आणि मतं पुष्कळ. अप्पा अंबत्तूरला पंपाच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे, पण ती झाली नोकरी. त्यांचं खरं काम संध्याकाळी सुरू व्हायचं, ते म्हणजे गाणं ऐकणं आणि त्यावर मत देणं. मैलापुरात घरोघर टाकलं जाणारं एक चारपानी पत्रक होतं. त्यात नळाच्या वेळा, वधूवर पाहिजेत आणि शेवटच्या पानावर अप्पांचा कचेरीवरचा, म्हणजे मैफलीवरचा, तमिळ अभिप्राय. पैसा एक मिळत नसे, पण मान असा की देवळाच्या तळ्याकाठी भाजी घ्यायला गेलं तरी कोणी ना कोणी विचारायचंच, "कालचं कसं झालं हो?" आणि अप्पा दोडके हातात धरून सांगत बसायचे. अम्मा पुढे जाऊन दुसरीकडून दोडके घेऊन घरी पोचलेली असायची.

त्यामुळे आमच्याकडे कॅसेटी येत. आपल्या मुलीला गळा आहे असं ज्या ज्या घराला वाटे, ते ते घर तिचं गाणं भरून अप्पांकडे पाठवी, वर चिठ्ठी: 'अभिप्रायासाठी'. खिडकीखालच्या टेबलावर त्यांची चळत असे. अप्पा रविवारी जेवण झालं की आरामखुर्चीत बसून एकेक लावत आणि दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकत. पोरगी कितीही बेसूर असो, मध्येच बटण दाबायचं नाही. ऐकून झालं की पेनाच्या टोकानं कॅसेटच्या कडेचे ते प्लास्टिकचे दोन इवले तुकडे मोडून टाकत, म्हणजे त्यावर पुन्हा दुसरं काही भरता येत नाही. "कोणी तरी कष्टानं म्हटलंय," ते म्हणत, "ते पुसणारे आपण कोण?"

त्यांचा नियम एकच, आणि तो मला बाराखडीच्या आधी शिकवलेला: मंगळम होईतो उठायचं नाही. मंगळम म्हणजे मैफलीच्या शेवटचं ते छोटं गाणं, आपल्याकडच्या भैरवीसारखं. मार्गळीत, म्हणजे डिसेंबरच्या थंडीत, सभांमध्ये, म्हणजे संगीत मंडळांच्या सभागृहांत, गाण्यांचा मोसम असतो. त्या वेळी मृदंगवाल्याचं एकट्याचं वादन सुरू झालं की निम्मी सभा चपला शोधत कँटीनकडे वळते. तिथे बोंडा गरम असतो ना! असाच एक मोठा जाणकार बोंडा खाऊन परस्पर घरी गेला आणि त्यानं शेवटच्या गाण्याची भरभरून स्तुती छापली. गाणाऱ्या बाईंना त्या दिवशी चक्कर आली होती आणि ते गाणं झालंच नव्हतं. दुसऱ्या घरांत भुतांच्या गोष्टी सांगतात, आमच्या घरी ही गोष्ट सांगत.

आम्ही तंजावूरचे मराठी. घरात बोलतो ती मराठी इतकी जुनी की लग्न होऊन मी पुण्याला आले तेव्हा माझं 'कसाला' ऐकून सासरची मंडळी हसून लोळली होती. कसाला म्हणजे कशाला, यात हसण्यासारखं काय आहे ते मला आज पन्नाशी उलटली तरी कळलेलं नाही. पण तो राग वेगळा, तो पुन्हा कधी.

आमच्या गल्लीच्या टोकाला कामाक्षी मामींची व्हिडिओ लायब्ररी होती. मामींनी घराच्या पुढच्या खोलीत फळ्या ठोकून सिनेमांच्या कॅसेटी मांडल्या होत्या. मी नववीत असताना त्यांनी टीव्ही गेमही आणला, आणि आख्ख्या गल्लीचं शिक्षण बसलं. तो करडा डबा, त्याला दोन वायरी, वर खोचायची पिवळी काळी कार्ट्रिजं. त्यांच्यावर जपानी अक्षरं असत, ती कोणाच्या बापाला वाचता येणार? म्हणून गेमांची नावं पोरांनीच पाडलेली: बेडूक, विमान, मोटारसायकल, विटा. घरी नेलेलं कार्ट्रिज आवडलं नाही की पोरं तासाभरात परत आणून भांडत. मामींचं डोकं उठायचं. एक दिवस त्या मला म्हणाल्या (मामी तमिळच बोलत, मी आपलं इथे मराठीत उतरवते), "पद्मा, तुझे अप्पा गाण्यावर लिहितात ना? तू ह्या सनियनांवर लिही, कण्णा. पोरं वाचून नेतील, माझं डोकं वाचेल." कण्णा म्हणजे सोन्या, आणि सनियन म्हणजे साडेसातीतला शनी. त्या गेमांना दुसरं नाव मामींनी कधी दिलं नाही.

मग काउंटरवर एक लांब वही आली, दोरीनं पेन बांधलेली. मी प्रत्येक कार्ट्रिज मागच्या खोलीत बसून फुकट खेळायचं आणि त्यावर लिहायचं. लिहायचं कसं हे मला कोणी शिकवायला नको होतं, लहानपणापासून तेच वाचत आले होते. आणि दर्जा ठरवायला मामींच्याच स्वयंपाकघरातल्या फिल्टर कॉफीचा मापदंड घेतला. उत्तम ते 'पहिलं डिकॉक्शन', म्हणजे पहिल्या पाण्याचा दाट अर्क, बरं ते 'दुसरं डिकॉक्शन', आणि टाकाऊ ते 'पेला विसळलेलं पाणी'.

ती वही पुढे मामींनी मला दिली. अजून आहे. परवा काढून वाचली तर माझीच मला लाज वाटली आणि हसूही आलं. विमानाच्या गेमवर लिहिलंय: 'सुरुवातच द्रुत लयीत. शत्रू समोरून येतात, गोळ्या आपोआप सुटतात, विचाराला वाव नाही. बोट दुखतं, मन नाही. दुसरं डिकॉक्शन.' मोटारसायकलवर: 'चार फेऱ्यांत तेच झाड सोळा वेळा आलं. ज्यानं हे झाड काढलं त्याला दुसरं झाड येत नसावं. विसळलेलं पाणी.' मारामारीच्या गेमवर: 'दोघे का भांडतात ते शेवटपर्यंत कळत नाही. आमच्या नळावरच्या भांडणाला निदान कारण असतं.' बेडकाचं मी कौतुक केलंय, पण चौथ्या टप्प्यावरची दरी 'अन्यायकारक' आहे असं तीनदा लिहिलंय, म्हणजे त्या दरीत मी किती वेळा पडले असेन ते बघा. एका कार्ट्रिजात हजारो गेम असल्याचं वर छापलं होतं आणि आत चारच गेम नावं बदलबदलून. त्यावर लिहिलं (कृती म्हणजे आपली बंदिश): 'चार कृती घेऊन हजार राग गायल्याचा आव.' आणि वरून पडणाऱ्या विटा रचायच्या तो गेम मला मनापासून आवडला होता. त्यावर फक्त एवढंच: 'पहिलं डिकॉक्शन. पण याला मंगळम नाही. माणूस हरतो तेव्हाच संपतं.'

आता नातू मला त्याच्या गेमांविषयी सांगतो, त्यात समुद्र आहेत, घोडे आहेत, पाऊस पडला की चिखल होतो. मी पाहते आणि मनात दर्जा देऊन टाकते. सवय जात नाही.

वहीचा बोलबाला झाला. पोरं आधी वही उलटत, मग कार्ट्रिज नेत. मी वाटेनं जाताना मुलं बाजूला होऊन कुजबुजत, "तीच लिहिते." मला शिंगं फुटली. अप्पांचं ऐकून मी सुरुवातीला प्रत्येक गेम शेवटपर्यंत खेळायची. मग अर्धा. मग चांगल्या परीक्षकाला चार मिनिटांत कळतं असं मीच ठरवून टाकलं. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय!

कामाक्षी मामींची मुलगी वसंता इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. बारीक, चष्मा, बोलणं मोजून. तिच्या मामानं परदेशातून तिला एक घरगुती कॉम्प्युटर आणून दिला होता, टीव्हीला जोडायचा. त्याला प्रोग्राम द्यायचा तो साध्या टेपरेकॉर्डरवरून. कॅसेट लावली की चीं चीं खर्र खर्र असा आवाज होई आणि तो आवाज कॉम्प्युटरच्या पोटात जाऊन त्याचं चित्र होई. वसंताक्कानं त्यावर वर्षभर खपून स्वतःचा गेम केला होता. पडद्यावर ठिपके येत. आपण तांदळाच्या पिठाची रेघ एकही ठिपका न सोडता, कुठेही न तोडता, सगळ्यांभोवती फिरवून पहिल्या जागी आणायची. जास्त वेळ थांबलात तर मागून मुंग्या येऊन रेघ खात. आमच्या भागात उंबऱ्यापुढे बायका रोज सकाळी हेच काढतात, त्याला कोलम म्हणतात. मुंग्यासुद्धा खऱ्याच.

"सोमवारी मला अंबत्तूरला बोलावलंय," ती म्हणाली. "लहानशी कंपनी आहे, प्रोग्राम लिहिणारी माणसं हवी आहेत. स्वतः केलेलं काही घेऊन या म्हणालेत. माझ्याकडे हेच आहे. तू खेळ आणि वहीत लिही, बाकीच्यांवर लिहितेस तसंच. तू चांगलं म्हणालीस तर जाईन. मी समोर बसले तर तू खरं लिहिणार नाहीस, म्हणून मी देवळात जाते." जाताना तिनं मला एक जादा प्रतही दिली, "एक तुझ्या घरी असू दे, टेपचा भरवसा नाही," म्हणून. चौदा वर्षांच्या पोरीच्या शब्दावर एवढी मोठी मुलगी विसंबली होती. मला त्यातलं फक्त माझं मोठेपण दिसलं.

शनिवारची दुपार होती. साडेचारला अप्पांबरोबर सभेला जायचं होतं, त्याआधी कँटीनमध्ये बोंडा. मी खेळायला बसले. तीन ठिपके, मग पाच, मग सात. आवाज नाही, रंग दोनच. दर कोलमनंतर टेप पुन्हा कुरकुरे आणि पुढचं कोलम येई. पाचवं झालं, टेप खट्ट करून थांबली आणि पडदा काळा झाला. मधोमध एक ठिपका लुकलुकत राहिला. मी दोन बटणं दाबून पाहिली. बिघडलं असणार. घड्याळात सव्वाचार. मी प्लग काढला आणि काउंटरवर उभ्याउभ्याच लिहिलं: 'कोलम. कल्पना बरी, चाल रटाळ. पाचव्या कोलमनंतर रस संपतो. पेला विसळलेलं पाणी.'

'रस संपतो.' जसं काही पाचव्यापुढे पाहिलं होतं! वाक्य कसं जमलंय याचाच आनंद. बोंडा त्या दिवशी फार सुरेख होता, तेही आठवतं.

रविवारी सकाळी मी मामींकडे गेले. मामी खालच्या आवाजात म्हणाल्या, "वसंता जात नाही म्हणाली उद्या. तुझं वाचलं, वही मिटली. रात्री त्याच कॅसेटीवर रेडिओची गाणी भरून टाकली. मी म्हटलं, वर्षभराचं काम गं! तर म्हणते, पद्मा म्हणते ते बरोबरच असेल, ती सगळ्यांवर खरंच लिहिते." मामींनी मला रागावायला हवं होतं. उलट त्यांनी मला चकलीसारखा मुरुक्कू दिला. तो मी हातातच धरून घरी आणला. तरी मी स्वतःशी म्हणत होते, परीक्षकानं कठोर असावंच लागतं.

घरी जेवायला डांगर पच्चडी होती, म्हणजे भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वर मोहरी-हिंगाची फोडणी. माझी सगळ्यात आवडती. मी दुसऱ्यांदा घेतली नाही तेव्हा अम्मानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. जेवणं झाली, अप्पा खुर्चीत बसले आणि मी मागे ताटं घासत असताना पुढच्या खोलीतून असा आवाज सुरू झाला की झाडावरचे कावळे उडाले. चीं चीं खर्र खर्र चींऽऽ.

मी धावत गेले. अप्पा डोळे मिटून, मांडीवर ताल धरून ऐकत होते. वसंताक्कानं मला दिलेली जादा प्रत मी काल घरी आणून खिडकीखालच्या टेबलावर टाकली होती, ती त्यांच्या चळतीत मिसळली होती. वर वसंताक्काच्या अक्षरात नाव आणि 'अभिप्रायासाठी'. त्यांच्या दृष्टीनं ती एका मुलीची कॅसेट होती, आणि तिच्या वाट्याची पाळी आली होती.

"अहो, कान फुटून जातील की! कसाला ऐकतात ते? बंद करा!" अम्मा दारातून ओरडली.

"थांब. पोरीनं कष्ट केलीय," अप्पा डोळे न उघडता म्हणाले. "मंगळम होईतो उठायचं नोको."

मला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबायला पदर नव्हता, म्हणून फडकं कोंबलं. म्हटलं, बघू या कुठवर ऐकतात. ते पहिली बाजू ऐकून उठले, कॅसेट उलटली आणि दुसरी बाजूही ऐकली. अम्मा शेजारी निघून गेली. सगळं झाल्यावर त्यांनी पेनानं ते दोन तुकडे मोडले, कागद घेतला आणि लिहायला लागले.

"अप्पा, कसं आहे गाणं?" मी मोठ्या मुश्किलीनं विचारलं.

"गळा कर्कश," ते गंभीरपणे म्हणाले. "तंबोरा नाही, श्रुती नाही. पण ताळ पाहिलीस? एक मात्रा इकडची तिकडे नाही. पहिल्या बाजूला पाच तुकडे म्हटलीय, लहान लहान. खरं गाणं दुसऱ्या बाजूला. सात आहेत, एकाहून एक मोठा. शेवटचा तर किती लांब! तिकडे आवाज दबलाय, थोडा वाढवून ऐकायला पाहिजे. धीर आहे पोरीला."

माझं हसू तिथेच थांबलं. पाच आणि सात. मी पाच पाहिले होते. टेप खट्ट करून थांबली होती आणि मी, जिच्या घरात दर रविवारी कॅसेटी उलटल्या जातात ती मी, प्लग काढून बोंडा खायला गेले होते. वसंताक्कानं 'उलटा' असं पडद्यावर लिहिलं नव्हतं, कारण कॅसेट उलटायची असते हे मैलापुरात कोणाला सांगावं लागतं?

मी रडत रडत सगळं सांगितलं. ते गाणं नव्हतंच, हे कळल्यावर अप्पा लाजतील असं वाटलं होतं. ते जरासुद्धा लाजले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तू न पाहता लिहिलीस?" आवाज चढवला नाही. आजवर मला पुष्कळ लोक पुष्कळ बोललेत, पण त्या चार शब्दांइतकं काहीच लागलेलं नाही. मग त्यांनी सदरा घातला, कागदाची घडी खिशात टाकली, कॅसेट हातात घेतली आणि म्हणाले, "चल."

मामींच्या मागच्या खोलीत आम्ही चौघं. मी वसंताक्कासमोर उभी राहून म्हटलं, "अक्का, मी दुसरी बाजू पाहिलीच नाही. खोटं लिहिलं." तिला राग यायला हवा होता, पण चेहऱ्यावर पहिल्यांदा आलं ते आश्चर्य. "म्हणजे तुला शेवट आवडला नाही असं नाही?" तिनं विचारलं. मी मान हलवली. "शेवट मी पाहिलाच नाही."

पण आता उरली होती ती एकच प्रत. पहिली बाजू नीट चढली. मी पाचही कोलमं पुन्हा काढली, एकही मुंगी येऊ न देता. पडदा काळा झाला, ठिपका लुकलुकला, वसंताक्कानं कॅसेट उलटली. टेप कुरकुरली आणि कॉम्प्युटरनं नकार दिला. पुन्हा लावली, पुन्हा नकार. "प्रत काढताना बिघडली असेल," ती पुटपुटली. "आता काही नाही."

"बाळ, आवाज वाढव जरा," मागून अप्पा तमिळमध्ये म्हणाले. "ह्या बाजूला रेकॉर्डिंग दबलंय. मी ऐकलंय ना."

तिनं बटण फिरवलं. "अजून थोडं. हं, बस." अप्पांनी हात वर केला, सभेत माइकवाल्याला खूण करतात तसा. टेप कुरकुरली, आणि पडद्यावर सहावं कोलम उमटलं. मामींनी "मुरुगा!" म्हणून गालांवर हात मारून घेतले.

पुढचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी सकाळी वसंताक्का अप्पांच्याच गाडीनं अंबत्तूरला गेली. कंपनीनं गेम घेतला नाही, पण तिला घेतलं. तिथून ती कुठच्या कुठे पोचली. अप्पांनी त्या कॅसेटीवर लिहिलेला अभिप्राय, 'गळा कर्कश, ताल निर्दोष, पुढच्या वेळी तंबोऱ्याबरोबर म्हणावे' असा, तिनं मागून घेतला आणि चौकटीत लावला. परदेशातल्या तिच्या ऑफिसात तो मी भिंतीवर पाहिलाय. आपल्याला मिळालेला सर्वांत प्रामाणिक अभिप्राय, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आणि वाचून दाखवते.

पण त्या रविवारी अजून सात कोलमं बाकी होती. सहावं मोगऱ्याच्या कळीसारखं, सातव्यात दोन रेघा एकमेकींत अडकलेल्या. आठव्याला कळलं की पहिली पाच ही नुसती बोटं मोकळी करायला होती. ज्याला मी रटाळ म्हटलं होतं, ती तयारी होती. नवव्याला मुंग्यांनी मला दोनदा हरवलं आणि मामी पडद्यावरच्या मुंग्यांना "पो, पो!" म्हणून हाकलायला लागल्या. मामींनी कॉफी केली, पहिल्या डिकॉक्शनची, ती माझ्या बाजूला निवून गेली. बाराव्याला पडदा कडेपासून कडेपर्यंत ठिपक्यांनी भरला. ते रथोत्सवाला देवळापुढच्या रस्त्यावर घालतात तेवढं मोठं कोलम होतं. मला त्याला पाऊण तास लागला. अप्पा मोडक्या खुर्चीत बसून पेंगत होते, पण उठले नव्हते.

रेघ पहिल्या ठिपक्याला येऊन मिळाली. इतका वेळ मुका असलेला तो कॉम्प्युटर एकदम वाजला. बीप बीप अशा बारीक, कर्कश सुरांत मंगळमच्या पहिल्या दोन ओळी. वसंताक्कानं ते शेवटासाठी राखून ठेवलं होतं.

अप्पांनी डोळे उघडले, खुर्चीत सरळ झाले आणि टीव्हीला हात जोडले. सूर पूर्ण थांबेपर्यंत तसेच राहिले. मग उठले, काउंटरवरची वही आणून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "आता लिही."